मुलांचं इंग्रजी ग्रामर आणि घरातली मराठी

फेब्रुवारी-मार्च आला की पीस स्टेशनच्या फॅमिली क्वार्टर्समध्ये दोनच विषय चालतात, पोस्टिंग आणि शाळा. कुणाची ऑर्डर आली, कुठल्या शाळेत जागा आहे, टीसी कधी मिळणार. या गडबडीत आपल्याकडचा एखादा नाईक किंवा हवालदार हळूच बाजूला घेतो आणि म्हणतो, "साहेब, पोराचं इंग्रजी ग्रामर लई कच्चं आहे. मॅडम म्हणतात घरी इंग्रजीच बोला. आता घरात मराठी बंदच करावी म्हणतो." अंबाल्याला हे ऐकलं, बिन्नागुडीला ऐकलं, जोधपूरला ऐकलं. बोलणारा साताऱ्याचा असो, बुलढाण्याचा असो की बेळगावकडचा, वाक्य तेच.

माझं म्हणणं असं आहे की मराठी बंद करायची नाही. पहिली ते पाचवीच्या मुलाला जेवढं इंग्रजी व्याकरण लागतं, त्यातलं बरंचसं त्याच्या डोक्यात शाळेत जायच्या आधीच बसलेलं असतं, आणि ते तिथे मराठीने बसवलेलं असतं. शिकवायच्या उरतात त्या इंग्रजी जिथे मराठीहून वेगळी वागते अशा पाच-सहा जागा. त्या जागा दाखवायला शेजारी मराठी उभी असावी लागते. तीच काढून टाकली तर मुलाला दाखवणार काय आणि कशाच्या तुलनेत?

मुलांच्या वह्या मी बघत आलोय. दुसरी-तिसरीच्या वहीत पहिल्या पानावर सुंदर अक्षरात लिहिलेलं असतं, 'नाऊन इज द नेम ऑफ अ पर्सन, प्लेस, ॲनिमल ऑर थिंग.' पुढच्या पानावर व्हर्ब. त्यानंतर ॲडजेक्टिव्ह. पोरगं झोपेतून उठवलं तरी व्याख्या म्हणून दाखवतं. मग त्याला विचारा, 'फायर' हा शब्द नाऊन की व्हर्ब? गप्प. कारण फायर म्हणजे आगही आणि फायर म्हणजे गोळी चालवणंही. आपल्या रोजच्या बोलण्यातले शब्द घ्या. मार्च, सॅल्यूट, ड्रिल, गार्ड, रिपोर्ट, परेड, पोस्ट. यातला एकेक शब्द इंग्रजीत नाऊन म्हणूनही चालतो आणि व्हर्ब म्हणूनही. एकच जवान आज क्वार्टर गार्डवर असतो, उद्या लंगरमध्ये असतो. त्याची ड्यूटी कुठली ते तो कुठे उभा आहे त्यावरून कळतं, पे-बुकातल्या नावावरून नाही. शब्दाचंही तसंच. वाक्यात कुठे बसलाय हे बघायची सवय लागायला हवी, आणि ती सवय व्याख्येने लागत नाही.

सेंटरमध्ये रायफल कशी शिकवतात आठवा. रायफल हातात दिल्याशिवाय पुर्ज्यांची नावं कुणी पाठ करून घेतली का? आधी हत्यार समोर, मग खोलना-जोडना, आणि ते करता करता नावं. हाताला पुर्जा माहीत झाला की नाव आपोआप चिकटतं. इंग्रजी व्याकरणाच्या बाबतीत मात्र आपण मुलांना रायफल न दाखवता पुर्ज्यांची यादी देतो आणि फायरिंगला नेतो.

याचा दोष सरकारी पुस्तकांना देता येत नाही. एनसीईआरटीचं पहिली-दुसरीचं इंग्रजीचं पुस्तक, ज्याचं नाव गंमत म्हणजे 'मृदंग' आहे, त्यात गाणी, गोष्टी, चित्रं आणि बोलायचे खेळ आहेत. व्याख्या येतात त्या वेगळ्या विकत घ्यायला लावलेल्या ग्रामरच्या पुस्तकांतून आणि ट्यूशनमधून. आणि काही आपल्या पिढीच्या श्रद्धेतून. कितीतरी घरांत मी चौथीतल्या मुलासमोर रेन आणि मार्टिन ठेवलेलं पाहिलं आहे. पुस्तक चांगलं आहे, प्रश्नच नाही. पण त्याच्या नावातच हायस्कूल लिहिलेलं आहे. त्यातले रेनसाहेब इथे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि पुढे १९२४ मध्ये त्यांनी फ्रेंच फॉरेन लीजनच्या शिपायांवर 'बो जेस्ट' ही कादंबरी लिहिली, जी जगभर गाजली. एका फौजी कादंबरीकाराचं पुस्तक फौजी घरात असावं हे ठीकच, पण ते चौथीतल्या पोरासाठी नाही.

आता मराठीने डोक्यात काय बसवलेलं असतं ते बघू. चार वर्षांचं मूल म्हणतं, "मी आंबा खाल्ला." पोळी असेल तर "मी पोळी खाल्ली." केळं असेल तर "मी केळं खाल्लं." दोन पोळ्या असतील तर "खाल्ल्या." खाणारा तोच, मुलगा असो की मुलगी. तरी क्रियापद खाल्लेल्या वस्तूप्रमाणे बदलतं, तिचं लिंग बघून, वचन बघून. हे त्याला कुणी शिकवलं? कुणी नाही. आईने ताटात पोळी वाढली, तेवढंच. इंग्रजीत या सगळ्यासाठी एकच शब्द आहे, 'एट'. आंबा असो, पोळी असो, दहा केळी असोत. म्हणजे ज्या पोराला आपण ग्रामरमध्ये कच्चं म्हणतो, ते इंग्रजीपेक्षा अवघड गणित चौथ्या वर्षी सोडवून बसलेलं असतं.

आणखी एक. लहान मुलं 'मी केलं' ऐवजी "मी करलं" म्हणतात, 'बाबा आले' ऐवजी "बाबा येले". आपण हसतो. पण नीट बघा, 'पळ'चं पळाला, 'बस'चं बसला, तर 'कर'चं करला का नाही? पोराने नियम शोधून काढलाय, अपवाद अजून त्याच्यापर्यंत पोचलेला नाही, एवढंच. इंग्रजी बोलणारी मुलंही तेच करतात. 'वेंट' ऐवजी 'गोड', 'एट' ऐवजी 'ईटेड' म्हणतात. जीन बर्को नावाच्या अमेरिकी संशोधक बाईंनी १९५८ मध्ये याची एक सुरेख परीक्षा घेतली होती. मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं आणि सांगितलं, हा 'वग'. मग दोन दाखवले आणि विचारलं, हे काय? मुलं म्हणाली, 'वग्ज'. हा शब्द जगात नव्हताच, कुणाकडून ऐकून पाठ केलेला असणं शक्यच नव्हतं. नियम आत होता. त्यामुळे तुमच्या मुलाच्या वहीत 'ही गोड टू स्कूल' असं आलं तर लाल रेघ बघून त्याच्या पाठीत धपाटा घालू नका. ते पोरगं बरोबर वाटेवर आहे. 'वेंट' पाच-पंचवीस वेळा कानावर पडला की आपोआप सुधारतं, जसं 'करलं'चं 'केलं' झालं.

मग शिकवायचं काय? माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शब्दांची जागा. 'कुत्रा मुलाला चावला' म्हणा नाहीतर 'मुलाला कुत्रा चावला' म्हणा, मराठीत कोण चावला आणि कुणाला लागलं यात फरक पडत नाही. कारण 'मुला'च्या छातीवर 'ला' ही नेमप्लेट आहे. तो लाईनमध्ये कुठेही उभा राहिला तरी ओळखू येतो. इंग्रजीत नेमप्लेट नाही. तिथे ओळख फक्त जागेवरून. 'द डॉग बिट द बॉय' मध्ये कुत्र्याची आणि मुलाची अदलाबदल केली की मुलगा कुत्र्याला चावतो. हे वाक्य मुलांना सांगून बघा, हसून लोळतात आणि पुन्हा विसरत नाहीत. सब्जेक्ट-व्हर्ब-ऑब्जेक्ट असे शब्द फळ्यावर लिहून हे होत नाही. आणि हा विनोद मुलाला कळतो तो घरात दोन्ही भाषा आहेत म्हणूनच कळतो.

तसंच 'टेबलावर' आणि 'ऑन द टेबल'. आपला 'वर' मागून येतो, त्यांचा 'ऑन' पुढे चालतो. घरभर फिरत पाच मिनिटं हा खेळ खेळता येतो. खाटेखाली, पेटीत, दाराजवळ. आपलं शेपूट त्यांच्याकडे तोंड होतं, एवढं एकदा मुलाच्या लक्षात आलं की प्रीपोझिशनचा अर्धा धडा झाला. उरलेला अर्धा, म्हणजे कुठे 'इन' आणि कुठे 'ॲट', तो वाचून वाचूनच येतो. त्याला शॉर्टकट नाही.

मग येतो तो 'स'. 'आय गो', 'यू गो', 'दे गो', पण 'ही गोज'. आपल्या मुलांच्या पेपरात सगळ्यात जास्त मार्क हा एक 'स' खातो. आणि याचा सगळ्यात जुना पुरावा आपल्याच संतरी पोस्टवर आहे. "थम! हुकुमदार!" हे किती रात्री ओरडलो आपण? हा 'हुकुमदार' म्हणजे मूळचं 'हू कम्स देअर'. गोऱ्या साहेबाने शिकवलेला प्रश्न देशी शिपायाच्या तोंडात बसला, आणि बसताना मधला 'स' गळून पडला. 'कम्स'चं 'कुम' झालं. पिढ्यान्‌पिढ्या शिपायाने हा प्रश्न बिनचूक वेळी, बिनचूक माणसाला विचारला, समोरच्याने थांबून उत्तरही दिलं. 'स' नसल्यामुळे कुणी शत्रू आत शिरला नाही. म्हणून मी म्हणतो, 'स'साठी मूल रडवू नका. पण तो का हवा ते मात्र सांगा. मराठीत 'मी जातो', 'तू जातोस', 'ते जातात' अशी प्रत्येकाची शेपटी वेगळी आहे. इंग्रजीत त्या सगळ्या झडल्या आणि फक्त एक उरली, 'तो-ती-ते'ची. बिचारी एकटीच उरली म्हणून विसरली जाते.

एक युक्ती सांगतो, साध्या वाक्यांना चालते. 'बॉय प्लेज', 'बॉइज प्ले'. कांबळ एकच आहे आणि माणसं दोन. नावाने घेतलं तर क्रियापदाला मिळत नाही, क्रियापदाने घेतलं तर नावाला मिळत नाही. 'आय' आणि 'यू' हे दोघं मात्र बिनकांबळ्याचेच झोपतात. तिसरी-चौथीच्या मुलाला एवढं पुरतं.

फौजी कॉलनीत राहण्याचा एक फायदा असा की वेगवेगळ्या भाषांची मुलं इंग्रजी कुठे कुठे अडखळतात हे एकाच पार्कात ऐकायला मिळतं. बंगाली मुलं 'ही' आणि 'शी'मध्ये गोंधळतात, कारण बंगालीत तो आणि ती यांना सर्वनाम एकच. हिंदीवाल्यांचंही 'वह' एकच आहे, तिथे फरक क्रियापदात पडतो. आपल्याकडे तो, ती, ते असे तिन्ही आहेत, अगदी इंग्रजीसारखे, त्यामुळे माणसांच्या बाबतीत मराठी मूल सहसा चुकत नाही. ते चुकतं खुर्चीपाशी. 'ती खुर्ची मोडली' म्हणून 'शी इज ब्रोकन'. पंखा बंद पडला की 'ही इज नॉट वर्किंग'. यात तमिळ पोरं सगळ्यांच्या पुढे, कारण त्यांच्या भाषेत माणसाशिवाय बाकी सगळं 'ते', इंग्रजीच्या 'इट'सारखंच. आता तुम्हीच सांगा, वर्गात दहा भाषांची मुलं असलेल्या बाईंनी हे प्रत्येकाला वेगळं कसं समजवावं? त्यांच्याकडून ती अपेक्षाच चुकीची आहे. 'आपल्याकडे खुर्ची ती असते, तिकडे वस्तू सगळी इट' हे एक वाक्य फक्त मराठी आईच सांगू शकते, आणि त्यासाठी तिला इंग्रजी फाडफाड येण्याची गरज नाही.

आपल्या मुलांचं शाळेचं रडगाणं नवीन नाही. केंद्रीय विद्यालयं निघालीच मुळी त्यातून. १९६३ मध्ये २० रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन सुरुवात झाली, बदलीवाल्यांच्या मुलांचा अभ्यासक्रम देशभर एक राहावा म्हणून. तो फायदा मोठा आहे. पण सगळ्यांनाच तिथे जागा मिळत नाही, आणि शाळा बदलली की ग्रामर पुन्हा नाऊनपासून सुरू होतं. एका पोराला मी ओळखतो, पाचवीपर्यंत त्याने तीन राज्यांत तीनदा 'काइंड्स ऑफ नाऊन' पाठ केले. 'अ' आणि 'द'चा फरक त्याला एकाही शाळेत समजावून मिळाला नाही, कारण प्रत्येक शाळेत तो धडा होऊन गेल्यावर तो पोचला. शाळा बदलते, बाई बदलतात, पाण्याची चवसुद्धा बदलते. मुलासोबत ट्रकमधल्या सामानाबरोबर जाणारी एकच शाळा आहे, ती घरातली.

आता दुसरी बाजू. जे म्हणतात की इंग्रजी आलीच पाहिजे, त्यांच्याशी माझं भांडण नाही. आलीच पाहिजे. ऑफिसरच्या घरात मूल जेवणाच्या टेबलावर इंग्रजी ऐकतं, जवानाच्या घरात ऐकत नाही, आणि हा फरक पुढे एसएसबीच्या दारापर्यंत पोचतो. मीही हेच डोळ्यांनी बघितलंय. पण आपण घरात मराठी बंद करून जी इंग्रजी आणतो ती कुठली असते? "कम फास्ट, बस विल गो." "डोन्ट डू मस्ती." "ईट, ईट, फुल ईट." दिवसभर हे ऐकून मुलाचं ग्रामर पक्कं होईल? आणि त्या तीस-चाळीस वाक्यांच्या पलीकडे आई-बाप मुलाशी काही बोलूच शकत नाहीत. गोष्ट सांगता येत नाही, रागावता येत नाही, फील्डमधून फोनवर लेकराची समजूत काढता येत नाही. दोन महिन्यांच्या सुट्टीत गावी गेल्यावर आजी काहीतरी विचारते आणि नातू आईकडे बघतो, 'व्हॉट शी इज सेइंग?' तिथेही ग्रामर चुकलेलंच असतं, खरं तर.

मुलाच्या कानावर चांगली इंग्रजी पडायला हवी असेल तर ती पुस्तकातून पाडा. शाळेचाच धडा मोठ्याने दोनदा वाचायचा, एकदा मुलाने, एकदा आईने किंवा बापाने. उच्चार चुकले तरी वाक्याची ठेवण बरोबर कानात जाते, कारण ती लिहिणाऱ्याची असते. मग त्याच धड्याबद्दल मराठीत गप्पा. नव्या शिक्षण धोरणाने २०२० मध्ये किमान पाचवीपर्यंत जमेल तिथे घरच्या भाषेत शिकवा असं म्हटलंच आहे. आपल्यासारख्या फिरत्या लोकांना मराठी शाळा आसामात किंवा जम्मूत कुठून मिळणार? मिळणार नाही. मग घर तरी मराठी ठेवू.

नावं कधी शिकवायची, असं एका वहिनींनी विचारलं होतं. माझ्या मते पाचवी-सहावीपासून, आणि तेव्हा मराठीतल्या नावांसकट. नाम, सर्वनाम, क्रियापद. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली आलं, त्याच्या पाचशे-साडेपाचशे वर्षं आधी ज्ञानेश्वरी लिहून झाली होती. व्याकरणाच्या पुस्तकाला उशीर झाला तरी भाषेचं काम अडत नाही.

शेवटी आजच घरी करता येण्यासारखं एक सांगतो, कारण त्यात आपल्या मुलांना फुकटचा फायदा आहे. 'अ' आणि 'ॲन'. शाळेत सांगतात, ए-ई-आय-ओ-यू आलं की 'ॲन'. मग मूल 'ॲन युनिट', 'ॲन युनिफॉर्म' लिहितं आणि मार्क जातात. कारण हा नियम अक्षराचा नाही, आवाजाचा आहे, आणि इंग्रजी अक्षरं आवाजाशी इमान राखत नाहीत. देवनागरी राखते. तो इंग्रजी शब्द देवनागरीत लिहायचा. पहिलं अक्षर स्वर असेल, म्हणजे अ-आ-इ-ई-ए-ऑ यांपैकी, तर 'ॲन'. व्यंजन असेल तर 'अ'. युनिटमध्ये पहिला 'य', म्हणून 'अ युनिट'. 'अवर' म्हणजे तास, स्पेलिंगमध्ये एच असला तरी लिहिताना पहिला 'अ', म्हणून 'ॲन अवर'. 'अ जेसीओ', पण 'ॲन एनसीओ'. 'ॲन ऑफिसर', पण 'अ वन-टन', कारण तिथे पहिला 'व'. जुन्या फौजेत हिंदुस्तानी रोमन लिपीत लिहायला शिकवत असत, आपण तेच उलटं करतोय असं समजा.

फील्डमध्ये असाल तर फोनवरही खेळता येतं, नेटवर्क दोन काड्या असलं तरी चालतं. तुम्ही शब्द टाकायचा, पलीकडून 'अ' की 'ॲन' यायचं. सुरुवातीला ही यादी घ्या: आर्मी ट्रक, रायफल, एलएमजी, एसओपी, अंब्रेला, युनिव्हर्सिटी, एमटी ड्रायव्हर, एक्स-सर्व्हिसमन. आणि यूएन मिशन करून आलेल्यांनी 'यूएन मिशन'च्या आधी काय लागतं ते स्वतः सांगू नये. पोराला विचारावं.